बर्फातला माड

काकांच्या तोंडून झाड ‘मेलं’ असं मी एकदाच ऐकलं. एरवी कुंडीतल्या तुळशीची काडी झालेली असो, नाहीतर रस्त्यावरचा पिंपळ मुळासकट आडवा पडलेला असो, ते चष्मा कपाळावर सारून शांतपणे म्हणायचे, “बदली झाली त्याची.” पहिल्यांदा हे ऐकलं ते आमच्या ऑफिसातल्या मनी प्लँटबद्दल. मला वाटलं, कुणीतरी कुंडी दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवली असेल. मी ती सगळ्या मजल्यावर शोधून आले. काका गालातल्या गालात हसत डबा खात बसले होते.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना, वर आम्ही आठ-नऊ जण कम्प्युटर गेम बनवणारे. आमचा गेम बागेचा होता. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही, जिंकणं-हरणं नाही. खेळणाऱ्याला जमिनीचा एक मोकळा तुकडा मिळायचा, किनाऱ्यावर, वाळवंटात, बर्फात, डोंगरात नाहीतर पठारावर, आणि तिथं त्यानं मनासारखी बाग करायची. कुठल्या हवामानात कुठलं झाड द्यायचं याची यादी करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माझं झाडांचं ज्ञान घाटकोपरच्या आमच्या खिडकीतल्या कोरफडीपुरतं. इंटरनेटवर इकडेतिकडे बघून मी पहिली यादी केली, तिच्यात वाळवंटात केळी होती.

बॉस माझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा. त्याच्या आईनं त्याला सांगितलं, “आपल्या मुलुंडच्या सोसायटीत एक जण आहेत. झाडांशी भांडतात. तुझ्या कामाचे आहेत बघ.” असे काका आमचे सल्लागार झाले. मंगळवार आणि गुरुवार, अकरा ते चार. एका सरकारी खात्यात जन्मभर बागा सांभाळून ते निवृत्त झाले होते. कुठलं खातं असं विचारलं तर म्हणायचे, “खातं म्हणजे खातं. नाव काय करायचंय?”

पहिल्या दिवशी ते आले तेव्हा अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलचा चमचा होता. मी त्यांना स्क्रीनवर किनाऱ्याचा तुकडा दाखवला. लाटा, वाळू, आकाश, सगळं आमच्या परागनं फार जीव लावून केलं होतं. काकांनी चमचा काढला आणि स्क्रीनवरच्या जमिनीवर टकटक केलं.

“आत ओली आहे की कोरडी?”

मी परागकडे बघितलं. परागनं माझ्याकडे.

“तसं काही नाहीये, काका. वरवरचं चित्र आहे ते.”

“मग झाड कशात लावताय? चित्रात?”

परागला ते लागलं. आठवड्याभरात त्यानं जमिनीला ओल दिली. पुढच्या मंगळवारी काकांनी पुन्हा टकटक केलं, मान डोलावली आणि त्याला आपल्या डब्यातली कुळथाची पिठी वाढली. त्या दिवसापासून पराग त्यांचा झाला.

काकांचा एक नियम होता. जागेवर उभं राहिल्याशिवाय झाड लावायचं नाही. सूर्य कुठून येतो, सावली कुठं सरकते, वारा कुणाच्या अंगावरून जातो, हे दिवसभर उभं राहून बघायचं आणि मग खड्डा खणायचा. आमच्या गेममधला दिवस वीस मिनिटांचा. काका आपला माणूस त्या तुकड्याच्या मधोमध उभा करायचे आणि काहीही न करता वीस मिनिटं बघत राहायचे. बरं, नुसता गेममधला माणूस उभा राहून भागत नसे, काका स्वतःसुद्धा खुर्ची मागं सारून स्क्रीनसमोर उभे राहायचे, हात मागे बांधून.

“काका, तुम्ही तरी बसा ना.”

“बसून ऊन कळत नाही गो.”

वाळवंटाची यादी करायच्या वेळी ते मे महिन्यातल्या भर दुपारी गच्चीवर जाऊन उभे राहिले. आम्ही लिंबू सरबत घेऊन वर गेलो तर म्हणाले, “आत्ता नको. निवडुंगाला कोण देतं?” बर्फाच्या यादीला मात्र ते हातच लावेनात. “मी बर्फ बघितलेलं नाही. न बघितलेल्या जागेवर मी कुणाला नेमणार नाही.” दोन आठवडे काम अडलं. मग एका गुरुवारी ते नाक ओढत आले, गळ्याला मफलर. ओळखीच्या एका कोळ्याला गाठून ते मासळीसाठी बर्फ बनवणाऱ्या कारखान्यात गेले होते आणि तिथल्या खोलीत माकडटोपी घालून अर्धा तास उभे राहिले होते. “आता थोडंसं कळलं,” म्हणाले, आणि चार शिंका देऊन देवदारापासून सुरुवात केली.

पण काकांची खरी गंमत त्यांच्या वह्यांमध्ये होती. लांबट, कापडी बांधणीच्या, सरकारी थाटाच्या. वर वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘सेवापुस्तक’. नोकरीत माणसाची जशी नोंद ठेवतात तशी काका प्रत्येक झाडाची ठेवत. मूळ गाव, पाण्याची गरज, रजा म्हणजे पानगळ कधी, आणि शेवटी शेरा. गुलमोहराबद्दल लिहिलं होतं, ‘दोन महिने भाव खातो, दहा महिने दिसत नाही. वादळात भरवसा नाही. मुख्य रस्त्यावर नेमू नये.’ बोगनवेल, ‘जितकं दुर्लक्ष तितकं काम. लाड केल्यास कामचुकार.’ सदाफुली, ‘कुठेही पाठवा, हजर होते. तक्रार नाही. म्हणून कोणी विचारत नाही.’ माडाच्या पानावर सगळ्यात कमी मजकूर होता. ‘खाऱ्या वाऱ्याचा माणूस. घाटावर पाठवल्यास झुरतो.’ काका मालवणकडचे. हा शेरा झाडाचा की स्वतःचा, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी ऐकू न आल्याचं केलं.

आम्हा माणसांचीही सेवापुस्तकं होती. हे कळलं ते बॉस रजेवर असताना. काकांनी त्याचा शेरा आम्हाला वाचून दाखवला. ‘वेल. आधार भक्कम मिळाला तर फार वर जाईल. स्वतःचं खोड नाही.’ पराग हसून हसून टेबलाखाली गेला.

“आणि माझं?” मी विचारलं.

“तो गोपनीय अहवाल आहे. निवृत्तीनंतर मिळेल.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

“तुम्ही तर केव्हाच रिटायर झालात!”

“अजून पूर्ण नाही झालो,” काका म्हणाले आणि वही पिशवीत टाकली.

त्याच सुमारास माझं टेबल दाराजवळच्या कोपऱ्यातून उचलून खिडकीशी आणलं गेलं. कोपऱ्यातला एसी गळतो म्हणून असेल, असं मी धरून चालले. खिडकीतून समोरच्या आवारातलं एक बदामाचं झाड दिसायचं. तिथं बसून माझं काम जरा बरं व्हायला लागलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. ते सांगताना आजही मला लाज वाटते.

गेममध्ये चुकीच्या हवामानात लावलेलं झाड आधी मान टाकायचं, मग पिवळं पडायचं आणि तिसऱ्या दिवशी वाळायचं. काकांच्या यादीमुळे हे जमलं होतं. पण आम्ही बाहेरच्या काही मुलांना गेम खेळायला दिला आणि त्यांच्या तक्रारी आल्या. बॉस धास्तावला.

“यार, माणूस प्रेमानं झाड लावणार आणि ते मरणार? तो रडेल ना! रडला की गेम डिलीट. वाट लागली आपली.”

“मग निवडायचं कशाला?” काका म्हणाले. “सगळंच सगळीकडे जगत असेल तर निवडलं काय नि नाही निवडलं काय!”

वाद तिथं थांबला असं आम्हाला वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी बॉस माझ्या टेबलाशी आला. सोमवारी बाहेरची मोठी माणसं गेम बघायला येणार होती. माझ्या यादीत उभ्या रांगेत झाडं होती, आडव्या रांगेत हवामानं, आणि प्रत्येक चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’. शेवटचा रकाना होता, ‘तज्ज्ञांनी तपासलं’.

“सगळीकडे ‘हो’ टाक,” बॉस म्हणाला. “आणि शेवटी काकांचं नाव. ‘तज्ज्ञांनी तपासलेली झाडं’, जाहिरातीत तेच तर आहे आपलं.”

“त्यांना विचारायला हवं.”

“ते मंगळवारी येणार. सोमवारच्या आधी मंगळवार येतो का?”

बाबांची कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं आणि घरात पगार माझा एकटीचा होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण तेव्हा डोक्यात तेच होतं. मी सगळीकडे ‘हो’ टाकलं. शेवटच्या रकान्यात काकांचं नाव पहिल्या ओळीत टाकून खालपर्यंत ओढलं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. एवढ्या दिवसांची उन्हं, सरबतं आणि बर्फाचा कारखाना दहा मिनिटांत पुसला गेला.

सोमवार झकास पार पडला. मंगळवारी काका आले, पिशवी खुर्चीला अडकवली आणि नेहमीसारखा गेम उघडला. त्यांनी बर्फाचा तुकडा निवडला. आपला माणूस मधोमध उभा केला. स्वतःही उभे राहिले. वीस मिनिटं गेली. मग यादी नीट चालते का ते बघायला त्यांनी बर्फात माड लावला.

माड वाढला. सरळ, उंच, हिरवागार. गेममधल्या तिसऱ्या दिवशी त्याला नारळाचे घोस लागले आणि घोसांवर बर्फ भुरभुरायला लागलं. पराग मान खाली घालून कीबोर्ड पुसत होता.

“यादी दाखव,” काका मला म्हणाले.

मी दाखवली. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि शेवटच्या रकान्यावरून बोट खालपर्यंत नेलं. आपलंच नाव, ओळीनं.

“काका, सॉरी. मला बॉस…”

“बस,” ते म्हणाले. रागानं नाही. मी बसले आणि तेही माझ्यासमोर बसले. कम्प्युटरसमोर बसलेले काका मला पहिल्यांदाच दिसले.

“माझे एक साहेब होते,” ते सांगायला लागले. “सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी गेले. तिथली उंच, टोकदार झाडं त्यांच्या डोळ्यांत भरली. ख्रिसमसला सजवतात तसली. आल्यावर म्हणाले, आपल्या रस्त्याच्या मधोमध हीच हवीत. चाळीस रोपं आली. कागद माझ्यापुढे आला. हवामान अनुकूल, असं लिहून खाली सही करायची. मला माहीत होतं गो. शेंबड्या पोराला कळलं असतं. पण थोरलीचं लग्न ठरलेलं, साहेबाच्या हातात माझी बढती. केली सही.”

“मग?”

“मग काय! फेब्रुवारी संपल्यापासून रोज पहाटे बादल्या घेऊन जायचो. ड्युटीच्या आधी. खात्याला पत्ता नाही. चाळीस झाडांना मी माफी मागत पाणी घातलं. पावसापर्यंत सगळ्यांची बदली झाली. काड्या मीच उपटल्या. कागदावर अजून उभी असतील. हवामान अनुकूल, खाली माझी सही.” त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला. “पण ती मी माझ्या हातानं केली होती.”

त्यांनी पिशवी उचलली, खिशातला चमचा चाचपला आणि निघाले. गुरुवारी आले नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाहीत. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

मला ते सहन होईना. खिडकीशी बसून कामात लक्ष लागेना. शेवटी मी परागला म्हटलं, “यार, जुनी यादी आहे माझ्याकडे, कागदावर. काकांची. ती परत घालता येईल?”

“बॉस मारेल.”

“गेम तसाच राहू दे. आत एक बटण देऊ या. ज्याला हवं तो दाबेल. दाबलं की खरं हवामान.”

परागनं खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. मग म्हणाला, “ओल पण खरी करू या, ना?”

महिनाभर आम्ही ऑफिस सुटल्यावर तासभर थांबायचो. एकेका चौकटीत मी पुन्हा ‘नाही’ भरत गेले. शेवटचा रकाना मोकळा ठेवला. बॉसला सांगायला मी भीत भीतच गेले. पण तो सोमवार चांगला गेल्यापासून बॉस खुशीतच होता. “टाक कुठेतरी आत,” म्हणाला. “कोण बघणार आहे!”

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन मुलुंडला गेले. काकींनी दार उघडलं. काका गॅलरीत कुंड्यांमध्ये उभे होते. मला बघून त्यांनी हातातला चमचा खिशात ठेवला आणि म्हणाले, “चहा घेशील?” एवढंच. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला, आतलं बटण दाबलं आणि बर्फाचा तुकडा उघडला. काहीच समजावून सांगितलं नाही.

काका हात मागे बांधून उभे राहिले. वीस मिनिटं. चहावर साय आली. मग त्यांनी एका बोटानं माड निवडला आणि लावला.

गेममधल्या पहिल्या दिवशी त्याच्या झावळ्या खाली झुकल्या. काका पुढं वाकले. दुसऱ्या दिवशी टोकं पिवळी पडली. काकांनी माझा खांदा धरला. तिसऱ्या दिवशी शेंडा कलला, आणि माड बर्फात आडवा झाला.

“मेलो!” काका ओरडले. “मेलो गो, मेलो! सपशेल मेलो!”

स्वयंपाकघरातून काकी पळत आल्या, हात पिठाचे. “कोण मेलो ओ?”

“माड!”

“अगो बाई माझे! खंयचो? गावच्या परसातलो?”

“बर्फातलो!” काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांच्या नवऱ्याला काहीतरी खायला घातलंय. मग मलाही रडू फुटलं. काकींना दोघांनाही गप्प करावं लागलं.

नवा चहा आला. काकांनी त्याच जागी देवदार लावला. तो जगला. मग त्यांनी यादी मागितली, प्रत्येक ओळ चमच्याच्या टोकानं तपासली, आणि दोन ठिकाणी मला झापलं. पठारावरच्या चाफ्याचं मी चुकवलं होतं. सगळं झाल्यावर शेवटच्या रकान्यात त्यांनी आपलं नाव एका बोटानं टाइप केलं. ‘खालपर्यंत ओढता येतं’ असं मी सुचवलं. ते म्हणाले, “नको,” आणि एकेका ओळीत पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

पुढच्या मंगळवारी काका ऑफिसात आले, काही झालंच नसल्यासारखे. आणखी दोन वर्षं येत राहिले. मग गुडघ्यांनी साथ सोडली, तासन्‌तास उभं राहणं होईना. “बसून सल्ला देणाऱ्यातला मी नव्हे,” असं म्हणून त्यांनी यायचं थांबवलं. ती कंपनीही पुढं बंद झाली. मी आता गोरेगावला दुसऱ्या ठिकाणी आहे. गेम अजून मिळतो. आतलं ते बटण किती जणांनी दाबलं कोण जाणे. मी मात्र अधूनमधून दाबते आणि किनाऱ्यावर नुसती उभी राहते. तेव्हा काकांची फार आठवण येते.

गेल्या वर्षी काकींचा फोन आला. “गेले गो,” एवढंच म्हणाल्या. तेराव्यानंतर मी मुलुंडला गेले. काकींनी गॅलरीतल्या कुंड्या मला दाखवल्या, कुणाला किती पाणी ते त्यांना पाठ झालं होतं. निघताना त्यांनी कपाटातून एक पातळ वही काढली. “ह्यां तुका देऊक सांगल्यानी.”

वर माझं नाव होतं. मी ती जिन्यातच उघडली.

‘मूळ गाव वेंगुर्ला, स्वतः कधी राहिलेली नाही. पाणी कमी पिते, सांगावं लागतं. ऊन मिळत नाही. टेबल खिडकीशी हलवण्याबाबत बॉसशी बोललो. हलवलं.’ पुढच्या पानावर होतं, ‘दबावाखाली खोटी नोंद केली. प्रतिकूल शेरा.’ त्या ओळीवर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली होती, खालची अक्षरं वाचता येतील अशी. सरकारी नियमाप्रमाणे. शेजारी वेगळ्या शाईत लिहिलं होतं:

‘घरी येऊन दुरुस्ती केली. माड मेला. शेरा रद्द. हिला जमलं ते मला चाळीस झाडांच्या वेळी जमलं नव्हतं.’

खाली काकांची पूर्ण सही होती.